चिंचोल्या अनेक, मोराची एकच

संस्थेची वेबसाइट तयार झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गूगलवर आपण वर कधी दिसणार? महिनाभराने दुसरा प्रश्न येतो: किती लोक येऊन गेले? तिसरा प्रश्न मात्र बैठकीत क्वचितच निघतो. जे आले ते कोण होते, आणि त्यांना हवे ते मिळाले का?

या वेळी आम्ही हा तिसरा प्रश्न वाचकांपुढे ठेवत आहोत. विषय वरवर तांत्रिक वाटेल. पण शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांपुरता जरी विचार केला, तरी तो पोटगी मागणाऱ्या बाईचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलाचा आणि आपल्या गावाच्या नावाचा विषय आहे हे लक्षात येईल.

आधी हे यंत्र चालते कसे ते पाहू. गूगलसारखे शोधयंत्र तीन कामे करते. त्याचे प्रोग्राम एका पानावरून दुसऱ्या पानावर, दुव्यांच्या वाटेने, सतत फिरत असतात. सापडलेल्या पानांतील शब्दांची ते एक प्रचंड सूची बनवते, जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी. आणि आपण काही विचारले की त्या सूचीतून पाने काढून त्यांचा क्रम लावते. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल कंपनी सुरू केली तेव्हा क्रम लावण्याची मूळ कल्पना सोपी होती. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते महत्त्वाचे, आणि बोट दाखवणारा जितका वजनदार तितके त्या बोटाला वजन जास्त. आज त्यात इतर पुष्कळ गोष्टी मिसळल्या आहेत. विचारणारा कुठे आहे, कोणत्या भाषेत विचारतो, पान मोबाइलवर नीट उघडते का, मजकूर ताजा आहे का, विचारलेल्याचे उत्तर त्यात खरोखर आहे का. तरी दोन गोष्टी पहिल्यापासून तशाच आहेत. जे लिहिलेले नाही ते सापडत नाही. आणि ज्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही ते खाली राहते.

सगळ्यात वर 'प्रायोजित' असे लिहिलेले जे निकाल दिसतात त्या जाहिराती असतात. ती जागा पैशाने मिळते. त्याखालच्या क्रमासाठी गूगल पैसे घेत नाही, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच वेबसाइट चालवणाऱ्यांसाठी लिहून ठेवले आहे. तरीही 'तीन महिन्यांत पहिल्या पानावर आणतो' असे सांगणारे फोन संस्थांना येतच असतात. यातले काही जण जो शब्द कोणी शोधतच नाही अशा शब्दासाठी पहिला क्रमांक काढून दाखवतात. काही जण विकतचे दुवे लावतात. असे दुवे गूगलच्या नियमांत बसत नाहीत, आणि लक्षात आले की पान खाली ढकलले जाते. वर्गणीतून जमलेला पैसा अशा कामावर घालवण्याआधी विश्वस्तांनी एवढेच विचारावे: कोणत्या शब्दांसाठी वर आणणार, आणि ते शब्द टाइप करणारा माणूस आपल्याला हवा आहे का?

इथे नावांचा मुद्दा येतो. आपले शिरूर म्हणजे घोडनदीच्या काठचे, पुणे-नगर रस्त्यावरचे. पण महाराष्ट्रात शिरूर नावाचे आणखी दोन तालुके आहेत, बीड जिल्ह्यात शिरूर कासार आणि लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ. लातूर जिल्ह्यातच शिरूर ताजबंदही आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरूरला १६ जुलै २०२४ रोजी महामार्गावर दरड कोसळली आणि कित्येक दिवस देशभर 'शिरूर' हा शब्द शोधला गेला. ज्यांनी तो शोधला त्यांना आपल्या शिरूरशी काही देणेघेणे नव्हते. अशा आठवड्यात एखाद्या स्थानिक संस्थेच्या पानावर वर्दळ वाढली, तर तो आकडा पाहून पेढे वाटण्यासारखे काही नसते.

दौंड तालुक्यातले केडगाव पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे. दुसरे केडगाव नगर शहराला लागून आहे. कोरेगाव म्हटले तर शिरूर तालुक्यातले कोरेगाव भीमा, सातारा जिल्ह्यातला कोरेगाव तालुका आणि पुण्यातले कोरेगाव पार्क अशी रांग लागते. रांजणगाव गणपती आणि रांजणगाव सांडस ही दोन्ही गावे शिरूर तालुक्यातलीच. रेल्वेच्या दौंडला तर जंक्शन वेगळे आणि कॉर्ड लाइन स्थानक वेगळे. चुकीच्या पानावर विश्वास ठेवून चुकीच्या स्थानकावर उभ्या राहिलेल्या प्रवाशाला गूगलवरचा क्रम काय कामाचा?

आपल्या गावांनी ही अडचण फार पूर्वीच सोडवलेली आहे. महाराष्ट्रात चिंचोल्या कितीतरी असतील. शिरूर तालुक्यातल्या चिंचोलीला लोक 'मोराची चिंचोली' म्हणतात आणि गोंधळ तिथेच संपतो. मोर पाहायला निघालेला माणूस दुसऱ्या चिंचोलीत जात नाही, आणि मोरांशी घेणे नसलेला या चिंचोलीत येत नाही. गावाच्या नावापुढे एक शब्द जोडला आणि योग्य माणूस योग्य जागी पोहोचला. आज ज्याला सर्च इंजिनसाठी पान तयार करणे म्हणतात त्याचा गाभा एवढाच आहे. तुमच्या पानाचे शीर्षक नुसते 'शिष्यवृत्ती माहिती' असेल तर ती चिंचोली झाली. 'अल्पसंख्याक शिष्यवृत्ती: शिरूर (घोडनदी), जि. पुणे येथे अर्ज भरण्यासाठी मदत' असे लिहिले की ती मोराची चिंचोली झाली. पहिल्या शीर्षकाने देशभरातल्या हजारो पानांशी स्पर्धा करायची, आणि जिंकलात तरी येणारा पाहुणा नागपूरचा नाही तर लखनौचा. दुसऱ्या शीर्षकाला स्पर्धा जवळजवळ नाही, आणि येणारा पाहुणा उद्या दारात उभा राहू शकतो.

आता हे आपल्यासाठी इतके महत्त्वाचे का, ते एका अवघड उदाहरणाने सांगतो. १ ऑगस्ट २०२५ रोजी दौंड तालुक्यातल्या यवतमध्ये समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली. पोलिसांना अश्रुधूर वापरावा लागला, जमावबंदी लागू झाली. काही तासांत देशभरच्या वृत्तसंस्थांनी आणि वाहिन्यांनी त्यावर पाने लिहिली, एकमेकांकडे दुवे दिले. आधी सांगितलेला हिशेब इथे लावून पाहा. ज्याच्याकडे जास्त आणि वजनदार बोटे, ते वर. यवत हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे जुने, नांदते गाव आहे. पण त्याच्याबद्दल एवढ्या मोठ्या माध्यमांनी एकाच दिवशी लिहावे असे त्याआधी काही घडले नव्हते, आणि गावाने स्वतःबद्दल लिहिलेले फारसे नव्हते. कोरेगाव भीमाचेही १ जानेवारी २०१८ नंतर असेच झाले.

बातमी पुसून टाकावी असे आम्ही म्हणत नाही. जे घडले ते घडले, आणि ते वाचायला मिळालेच पाहिजे. अडचण अशी आहे की बातमीशिवाय दुसरे काही लिहिलेलेच नसते. मायक्रोसॉफ्टचे मायकेल गोलेबिएव्स्की आणि संशोधक डॅना बॉईड यांनी २०१८ मध्ये या अवस्थेवर लिहिले आणि तिला माहितीची पोकळी म्हटले. एखाद्या शब्दाबद्दल विश्वासार्ह मजकूर फार थोडा असतो, एरवी तो शब्द कोणी शोधत नाही, आणि मग अचानक सगळे शोधू लागतात. त्या क्षणी पोकळी कोण भरतो, यावर लोक काय समजतात हे ठरते. द्वेषाचा धंदा करणाऱ्यांना हे नीट ठाऊक असते. ते पहिल्या तासात लिहितात. आपण आठव्या दिवशी निवेदन काढतो, आणि तेही लेटरहेडचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवतो, म्हणजे शोधयंत्राच्या हिशेबी लिहीतच नाही.

घटना घडल्यावर लिहिलेल्या पानाला वर यायला वेळ लागतो. त्यामुळे तयारी शांततेच्या काळातच करावी लागते. गावातल्या शाळेचे पान, बाजाराचे पान, उरुसाचे आणि जत्रेचे पान, दोन्ही समाजांनी मिळून केलेल्या रक्तदान शिबिराचे तारीखवार पान, अशी दहा पाने आधीपासून असली, तर गावाचे नाव शोधणाऱ्याला दगडफेकीच्या बातमीबरोबर गावही दिसते. ही प्रसिद्धी नव्हे, साक्ष आहे. आणि साक्ष देणारा नंतर उगवलेला नसावा, आधीपासून तिथे असावा.

दुसरे उदाहरण याहून शांत आहे, पण त्यात पणाला लागलेले कमी नाही. नवऱ्याने घराबाहेर काढलेली एखादी बाई रात्री माहेरच्या मोबाइलवर काहीतरी शोधते. ती कोणते शब्द वापरेल? वकिलाच्या भाषेतला 'निर्वाह भत्ता' ती वापरणार नाही. ती 'पोटगी' म्हणेल, 'खावटी' म्हणेल, 'तलाक के बाद खर्चा' असे हिंदीत बोलून शोधेल, नाहीतर यातलेच काहीतरी इंग्रजी अक्षरांत टाइप करेल. तिला काय सापडायला हवे? १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद अब्दुल समद विरुद्ध तेलंगणा राज्य या खटल्यात स्पष्ट केले की घटस्फोटित मुस्लिम महिलेला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आणि तिच्यात ही तरतूद कलम १४४ मध्ये आहे. अर्ज तालुक्याच्या ठिकाणी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, मग तिचे उत्पन्न कितीही असो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

एवढी माहिती दीडशे शब्दांत मावते. पण ती साध्या मराठीत, शिरूर आणि दौंडच्या न्यायालयांच्या नावासकट, 'खावटी' हा शब्द वापरून कोणी लिहिली नसेल, तर त्या बाईपुढे परदेशातल्या फतव्यांची पाने येतील, १९८५ च्या शाहबानो निकालावरची जुनी वादावादी येईल, फी आधी मागणाऱ्यांच्या जाहिराती येतील. आपल्या चळवळीने या प्रश्नावर वर्षानुवर्षे परिषदा घेतल्या, ठराव केले. त्या ठरावांचा उपयोग ज्या बाईला व्हायचा ती परिषदेला आलेली नसते. ती मोबाइलवर असते.

या पानाला महिन्याला चाळीसच माणसे आली, तर ते पान अयशस्वी म्हणायचे का? त्या चाळीसमधल्या पाच बायका न्यायालयापर्यंत पोहोचल्या, तर दहा हजार भेटींचे कोणते पान त्याच्याशी बरोबरी करील? जाहिरातीवर चालणाऱ्या वेबसाइटला गर्दी लागते, कारण तिचे पोट डोक्यांच्या संख्येवर भरते. आपल्या वेबसाइटचे तसे नाही. आपल्याकडे दहा हजार चुकीची माणसे येणे म्हणजे दहा हजार जणांनी रिकाम्या हाताने परत जाणे.

चुकीची माहिती वर असण्याचे नुकसान शिष्यवृत्तीच्या बाबतीत पैशात मोजता येते. केंद्र सरकारने अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. पहिली ते आठवीची मुले त्यातून वगळली गेली. त्याच सुमारास उच्च संशोधनासाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही बंद झाली. हा निर्णय चुकीचाच होता आणि त्याला विरोध व्हायलाच हवा. पण तो झाला त्याआधी लिहिलेली पाने कोणी येऊन बदलत नाही. जुन्या पानांना जुने दुवे असतात, त्यामुळे ती वर राहतात. चौथीतल्या मुलीचा बाप ते पान वाचतो, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवतो, आणि फॉर्म भरण्याचे पैसे मोजायला कोणाकडे तरी जातो. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायला मात्र सरकार काहीच शुल्क घेत नाही. हे वाक्यसुद्धा कुठेतरी ठळक लिहिलेले हवे.

जन्मदाखल्याचे तसेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्या मुलासाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. उशिरा होणाऱ्या नोंदणीचे महाराष्ट्रातले नियम २०२५ मध्ये आणखी कडक झाले. अशा वेळी २०१९ चे पान वाचून कचेरीत गेलेल्या माणसाला नुसता हेलपाटाच पडत नाही, संशयाच्या नजरेलाही सामोरे जावे लागते. म्हणून आमचा आग्रह आहे की प्रत्येक पानावर वरच्या बाजूला लिहावे: 'ही माहिती अमुक तारखेला तपासली आहे.' आणि ती खरोखर तपासावी. नुसती तारीख बदलून मजकूर तोच ठेवणे ही फसवणूक आहे, मग ती यंत्राची असो की माणसाची.

आता कामाच्या गोष्टी. सॉफ्टवेअरच्या कामात रोज जे पाहतो त्यातल्या या आहेत, आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट लिपीची. आपल्याकडचे पुष्कळ जुने साहित्य, अहवाल, नियमावल्या, स्मरणिका श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेल्या आहेत. त्यांत डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. शोधयंत्राला त्यातले काही कळत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला पाहिजे. हे बदलून देणारी मोफत साधने आहेत, नंतर एकदा वाचून शुद्ध करावे लागते एवढेच. स्कॅन केलेल्या कागदाची पीडीएफ यंत्राला कधी वाचता येते, कधी नाही. पोस्टरच्या चित्रातला मजकूर तर बहुतेक वाया जातो. पोस्टर जरूर काढा, पण तोच मजकूर खाली अक्षरांत लिहा.

दुसरी गोष्ट शब्दांच्या रूपांची. शिरूर दीर्घ रू घालून लिहायचे, पण कित्येक जण शिरुर लिहितात. ब्रिटिशांच्या कागदांत दौंडचे धोंड झालेले आहे. नगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. त्या नामांतराबद्दल आपले मत काहीही असो, शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात. आपल्या रोजच्या शब्दांची तर आणखी गंमत आहे. कब्रस्तान, कबरस्तान, क़ब्रिस्तान, दफनभूमी ही सगळी एकाच जागेची नावे. जकात कोणी नुक्ता देऊन लिहितो, कोणी न देता. शोधयंत्र यातले बरेच जुळवून घेते, सगळे नाही. शीर्षकात शुद्ध रूप ठेवावे आणि मजकुरात इतर रूपे सहज येतील तशी एकेकदा येऊ द्यावीत. मात्र पानाच्या तळाशी एकच शब्द पन्नास वेळा कोंबणे, किंवा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवणे, हा जुना चावटपणा आता यंत्राला कळतो आणि त्याची शिक्षा होते.

तिसरी गोष्ट दोन भाषांची. आपले हे नियतकालिकच दोन भाषांत निघते, म्हणून हे आमच्याही घरचे दुखणे आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत उत्तरेकडून आलेले हजारो कामगार राहतात. ते हिंदीत शोधतात. एकाच पानावर एक परिच्छेद मराठी, एक हिंदी असे केले तर यंत्राला पानाची भाषाच कळत नाही आणि वाचणाऱ्यालाही अर्धे पान ओलांडावे लागते. प्रत्येक भाषेसाठी वेगळे पान असावे आणि दोन्ही पाने एकमेकांना जोडलेली असावीत. यंत्राकडून भाषांतर करून न वाचताच टाकणे हा सगळ्यात वाईट मार्ग. त्यात पोटगीचे पोट आणि हक्काचे हक हमखास सुटतात.

चौथी गोष्ट नकाशाची. गूगलच्या नकाशावर मशीद, शाळा, वाचनालय, शादीखाना, कब्रस्तान यांची नोंद मोफत करता येते. नाव, पत्ता, फोन आणि वेळ सगळीकडे एकसारखे असावे. शिरूरसाठी ४१२२१० आणि दौंडसाठी ४१३८०१ हा पिन कोड लिहायला विसरू नये, कारण नावांचा गोंधळ तिथेच मिटतो. मात्र सगळा संसार दुसऱ्याच्या ओसरीवर मांडू नये. त्याच नोंदीबरोबर गूगल छोट्या दुकानदारांना फुकट वेबसाइट देत असे. मार्च २०२४ मध्ये कंपनीने त्या सगळ्या बंद केल्या. ज्यांची स्वतःची जागा नव्हती त्यांचे पान एका निर्णयाने गेले. वर्षाला हजार-बाराशे रुपयांचे स्वतःचे नाव घेऊन ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

पाचवी गोष्ट दुव्यांची, आणि इथे आपण सगळ्यात कमी पडतो. शाळेची वेबसाइट वाचनालयाचा उल्लेख करते, पण दुवा देत नाही. जमात रक्तपेढीचे आभार मानते, दुवा देत नाही. शिरूरच्या संस्थेला दौंडच्या संस्थेचे पान माहीत नसते, मधे न्हावरे-चौफुल्याचा एवढासा रस्ता असूनही. बोट दाखवण्याला इतके महत्त्व आहे हे एकदा कळले की दुवा देणे हे सहकार्याचे काम होते. मुस्लिम संस्थांनी आपसात तर दुवे द्यावेतच, पण गावातले महाविद्यालय, ग्रामपंचायत, सहकारी संस्था, दलित आणि ओबीसी संघटना, शेतकऱ्यांचे गट यांनाही द्यावेत आणि त्यांच्याकडून मागावेत. शेजाऱ्याने आपल्याकडे बोट दाखवले तर ते यंत्राला कळते, आणि शेजाऱ्यालाही कळते.

हे सगळे केल्यावर मोजायचे काय? गूगलचे सर्च कन्सोल नावाचे एक मोफत साधन आहे. लोकांनी कोणते शब्द टाइप केले तेव्हा आपले पान दिसले, किती जणांना दिसले, किती जणांनी उघडले, हे ते सांगते. दर महिन्याला बैठकीत एकूण आकड्याऐवजी ही शब्दांची यादी वाचून दाखवा. तिच्यात 'शिरूर कर्नाटक दरड' असेल तर तो पाहुणा आपला नव्हता. 'शिरूर शादीखाना भाडे' असेल आणि आपल्या पानावर भाडे लिहिलेलेच नसेल, तर पाहुणा आपला होता आणि आपण त्याला रिकामा पाठवला. ती यादी म्हणजे लोकांनी न बोलता दिलेले अर्ज आहेत.

पण मोजण्याच्या नादात माणसांवर पाळत ठेवू नये. पोटगीचे पान वाचणाऱ्या बाईचा फोन कदाचित घरातल्या इतरांच्याही हातात असतो. त्या पानावर जाहिराती नकोत, ओळख विचारणारा फॉर्म नको, तिच्या मागे मागे फिरणारे ट्रॅकर नकोत. किती आल्या हे कळले तरी पुरे. कोण आल्या हे आपल्याला कळण्याची गरज नाही.

शेवटी नव्या बदलाबद्दल. ऑगस्ट २०२४ पासून गूगल भारतात शोधनिकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दाखवू लागले, सुरुवात इंग्रजी आणि हिंदीपासून झाली. कित्येक लोक तो सारांश वाचूनच थांबतात, खालची पाने उघडत नाहीत. मग पाने लिहायची कशाला, असे कोणी विचारेल. उत्तर असे की तो सारांश हवेतून येत नाही. कोणीतरी लिहिलेल्या पानांतूनच तो तयार होतो. पानेच नसतील तर यंत्र गप्प बसत नाही, इकडच्या-तिकडच्या मजकुरातून काहीतरी जुळवते, आणि शिरूर अनंतपाळची माहिती घोडनदीच्या माथी मारते. आधी न लिहिण्याची किंमत खालचा क्रमांक ही होती. आता ती चुकीचे उत्तर ही आहे, आणि तेही ठाम सुरात.

म्हणून आमचे आवाहन मोजके आहे. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी या वर्षात दहा पाने लिहावीत. शिष्यवृत्ती, जन्मदाखला, पोटगी आणि मोफत वकील, कब्रस्तान आणि मय्यतीची व्यवस्था, शादीखाना, वाचनालय, रक्तदान, कामगारांच्या तक्रारी कुठे करायच्या, गावचा इतिहास, आणि गावात मिळून-मिसळून होणारी कामे. प्रत्येक पान एका प्रश्नाचे उत्तर देणारे, लोकांच्या शब्दांत, गावाच्या पूर्ण नावासह, तपासल्याच्या तारखेसह. प्रत्येक पानाला एक जबाबदार माणूस, जो सहा महिन्यांनी ते पुन्हा वाचेल. संगणक शिकलेली मुले-मुली आता प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, हे काम त्यांच्या हाती द्या. आणि ज्या आईला, ज्या बापाला ही पाने लागणार आहेत, त्यांना आधी विचारा: तुम्ही हे कोणत्या शब्दांत शोधाल?

पहिला क्रमांक मिळेल का, हे आम्ही सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. पण शिरूरमधून कोणी 'खावटी' हा शब्द शोधला, तर तिला उत्तर देणारे एक तरी पान तिथे असावे, एवढे आपल्या हातात आहे.